जास्वंद, पिठ्या ढेकूण आणि स्पिरिटचा बोळा

औषधांच्या दुकानात ‘स्पिरिट’ म्हणून मागितल्यावर जी बाटली हातात येते, तिच्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल असते किंवा पिण्यास अयोग्य केलेले इथेनॉल. इंजेक्शनआधी दंड पुसणे, जखमेच्या कडा स्वच्छ करणे हे तिचे मूळ काम. तिच्यात साधारण 70 टक्के अल्कोहोल आणि उरलेले बहुतेक पाणी असते. हे पाणी काटकसरीसाठी घातलेले नसते. अल्कोहोल पेशीतली प्रथिने बिघडवते आणि पेशीभोवतीचे स्निग्ध पटल विस्कटते. प्रथिने बिघडायला पाण्याची सोबत लागते, शिवाय पाण्यामुळे द्रव उडून जायला थोडा उशीर होतो आणि तेवढा वेळ तो आत शिरत राहतो. 99 टक्के अल्कोहोल अधिक जहाल वाटते खरे, पण ते फार लवकर उडते. माणसाची कातडी, कात्रीचे पाते, किडीचे अंग आणि झाडाचे पान या चारही ठिकाणी या द्रवाची करणी एकच असते. समोरचे आवरण कसे आहे त्यावर परिणाम ठरतो.

पानाच्या बाह्यत्वचेवर क्युटिकल नावाचा पातळ, मेणचट थर असतो. आतले पाणी आत राखणे आणि बाहेरची बुरशी बाहेर ठेवणे ही त्याची दोन मोठी कामे. अळूच्या पानावर हा थर डोळ्यांना दिसेल इतका ठळक आहे. पाण्याचा थेंब तिथे गोल होऊन घरंगळतो, पान ओले होत नाही. त्याच पानावर स्पिरिटचा थेंब टाकला तर तो घरंगळत नाही, पसरतो. पाण्याचा पृष्ठताण अल्कोहोलच्या साधारण तिप्पट असतो, त्यामुळे जिथे पाणी थबकते तिथे स्पिरिट सरळ शिरते. बोळ्याने तो भाग चोळला की वरची मेणाची भुकटी सुटते, आणि पुढे त्या जागी पाणी टाकले तर तेही चिकटून बसते. झाडांसाठी स्पिरिट वापरणाऱ्याने हा प्रयोग एकदा करून पाहावा. द्रव काय करतो हे वाचून जितके कळते त्याहून अधिक या एका पानावर कळते.

अल्कोहोलची दुसरी करणी मराठी शाळांतून शिकलेल्या बहुतेकांनी पाहिलेली आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात अंधारात ठेवलेल्या झाडाच्या पानाला काळा कागद लावून झाड उन्हात ठेवतात, मग ते पान पाण्यात उकळतात आणि नंतर अल्कोहोलमध्ये तापवतात. अल्कोहोलची परीक्षानळी थेट ज्योतीवर धरत नाहीत, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतात, कारण इथेनॉल 78 अंशांना उकळते आणि त्याची वाफ पेट घेते. काही मिनिटांत पान फिके पडते आणि नळीतला द्रव हिरवा होतो. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. गॅलरीतल्या जिवंत पानाचे असे होत नाही, कारण त्याचे क्युटिकल शाबूत असते आणि द्रव थंड असतो. मात्र द्रव पानावर साचून राहिला, देठाच्या बेचक्यात उतरला किंवा कोवळ्या पालवीला लागला, तर तो पेशींच्या पटलापर्यंत पोहोचतो. पेशी गळू लागतात, त्या जागी आधी पाणचट डाग दिसतो, मग तो तपकिरी होऊन कोरडा पडतो. हा डाग लगेच उठत नाही, एकदोन दिवसांनी दिसतो. नवख्या माणसाची फसगत इथेच होते. स्पिरिट लावले, संध्याकाळपर्यंत काही झाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो सगळ्या झाडावर मारून मोकळा होतो.

मुंबईतल्या चिंचपोकळीत या बाटलीची झाडाशी गाठ पडते ती बहुधा जास्वंदीमुळे. स्थानकाच्या पूर्वेला लालबाग, पश्चिमेला ना. म. जोशी मार्ग आणि साने गुरुजी मार्ग. या पट्ट्यातल्या गिरणी कामगारांच्या चाळींत जमीन कुणाच्या वाट्याला फारशी आली नाही. झाडे लागली ती गॅलरीच्या कठड्यावर, खिडकीच्या जाळीत आणि जिन्याच्या वळणावर, रंगाच्या डब्यांत, तेलाच्या कापलेल्या कॅनमध्ये आणि परवडेल तेव्हा मातीच्या कुंडीत. तुळस, पानओवा, गवती चहा, कोरफड आणि लाल जास्वंद हा नेहमीचा संच. 1920 पासून ‘चिंतामणी’ या सार्वजनिक गणपतीचा उत्सव होत आलेल्या या भागात गणपतीला वाहायचे लाल फूल घरच्या झाडाचे असावे, ही इच्छा साधी आणि खोल आहे. दादरच्या फूलबाजारात फूल मिळतेच, पण सकाळी उठून कठड्यावरचे फूल खुडण्याची जागा ते घेत नाही. जुन्या चाळी पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्येही कुटुंबाबरोबर जास्वंदीची कुंडी लिफ्टने वर जाते, हे या भागात कुंड्या सांभाळण्याचे काम करणाऱ्या माळ्यांना चांगले ठाऊक असते.

या जास्वंदीचा मोठा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. घरची माणसे बहुतेक वेळा ‘झाडाला बुरशी लागली’ असे सांगून माळ्याला बोलावतात. पांढरा, कापसासारखा थर पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. बारीक काडीने तो थर बाजूला केला की खाली गुलाबी किंवा पिवळसर, लांबट, मऊ अंगाचे किडे दिसतात. जास्वंदीवर हटकून येणारी जात म्हणजे मॅकोनेलिकोकस हिर्सुटस, गुलाबी पिठ्या ढेकूण. 1908 साली ग्रीन या शास्त्रज्ञाने भारतातल्या नमुन्यांवरून तिचे प्रथम वर्णन केले. मादीला पंख नसतात. ती रस शोषत जागेवर बसते आणि अंगाखाली मेणाच्या धाग्यांची पिशवी करून तीत काही शे अंडी घालते. उबदार हवेत साधारण महिनाभरात एक पिढी उरकते. तिची लाळ जास्वंदीला विषारी असते, म्हणून शेंडे गोळा होतात, पाने चुरगळतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात. शोषलेल्या रसातली जास्तीची साखर ती बाहेर टाकते. हा चिकटा खालच्या पानांवर पडतो, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या या चिकट्यासाठी किडीची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. म्हणून अनुभवी माणूस झाडाकडे येताच पान उलटण्याआधी खोडावर मुंग्या आहेत का ते पाहतो.

गॅलरीत ही कीड जास्त माजते, त्याची कारणे उघड आहेत. छपराखाली पाऊस थेट पडत नाही, त्यामुळे उघड्यावरच्या झाडाची कीड जशी धुऊन निघते तशी ती इथे निघत नाही. हवा कोंडलेली असते, पानांवर धूळ बसते. शेजारच्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत जमिनीत वाढलेल्या झाडांभोवती पक्षी, कोळी, ढालकिडे, चतुर यांचा राबता असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या तेलाच्या कॅनपर्यंत त्यातले थोडेच पोहोचतात. ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की किडीची संख्या चढते आणि मेपर्यंत चढतीच राहते.

पिठ्या ढेकणाच्या अंगावरचे पीठ हेही मेणच. पाण्यात मिसळून फवारलेले औषध त्यावरून ओघळून जाते. साध्या पाण्याचा तर प्रश्नच नाही. स्पिरिट मात्र या मेणात शिरते, ते भिजवते, सैल करते आणि किड्याच्या मऊ अंगापर्यंत पोहोचते. अंगातले पाणी ओढले जाते, प्रथिने गोठतात. बोळा टेकताच पांढरा किडा तपकिरी किंवा लालसर दिसू लागतो, हे काम झाल्याचे चिन्ह. या कामाची सगळी अडचण एवढीच आहे, की किड्याचे मेण आणि पानाचे मेण यांत स्पिरिट फरक करत नाही. तो फरक हाताने करायचा असतो.

म्हणून स्पिरिट लावायचे औषध आहे, शिंपडायचे नव्हे. कापसाचा लहान बोळा किंवा इअरबड 70 टक्के स्पिरिटमध्ये बुडवून, निथळून, फक्त किडीवर टेकवायचा आणि हलकेच फिरवून कीड उचलून घ्यायची. पानाच्या मागची मधली शीर, देठाचा बेचका, कळीच्या बुडाशी असलेली हिरवी पाकळ्यांची वाटी आणि खोडावरच्या सालीच्या चिरा ही तिची ठाणी. बोळा दर थोड्या वेळाने बदलावा लागतो, नाहीतर जिवंत पिल्ले एका फांदीवरून दुसरीवर नेली जातात. काम सावलीत, शक्यतो उन्हे उतरल्यावर करतात, आणि दहापंधरा मिनिटांनी पानांवर साधे पाणी मारून उरलेसुरले धुऊन टाकतात. हे काम कंटाळवाणे आहे. हाताशी येईल एवढ्याच झाडावर ते करता येते आणि पाठ, मान, डोळे यांना ते जाणवते. पण विषारी कीटकनाशक जिथे फवारू नये अशा जागी, म्हणजे शेजाऱ्याची वाळत घातलेली चादर, पाळणा आणि पिण्याच्या पाण्याचे पिंप एका हाताच्या अंतरावर असलेल्या गॅलरीत, त्याला तोड नाही.

स्पिरिट मागे काही ठेवत नाही, हा त्याचा गुण आहे आणि हीच मर्यादा. ते उडून गेले की झाडावर त्याचा अंशही राहत नाही. ज्या किड्याला ते लागले तो मेला, ज्याला लागले नाही तो जगला. मेणाच्या पिशवीच्या आतल्या अंड्यांपैकी बरीच वाचतात आणि काही दिवसांत त्यांतून टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले बिनपंखी असली तरी चालतात, वाऱ्याने उडतात, मुंग्यांबरोबर, कपड्यांबरोबर फिरतात. एकदा पुसून झाड साफ दिसले की माणूस समाधानाने थांबतो आणि महिन्याभरात कीड पूर्वीइतकी होते. आठवड्याला एकदा, सलग चार-पाच आठवडे पुसत राहिले तर एका पूर्ण पिढीचा मार्ग बंद होतो. मुंग्यांचा बंदोबस्त याच काळात करायला हवा; कुंडीचे बूड पाण्याच्या थाळीतल्या विटेवर ठेवणे हा जुना उपाय अजूनही चालतो, फक्त थाळीतले पाणी डासांसाठी दर दोनतीन दिवसांनी बदलावे लागते.

कीड पसरलेली असली की फवारणीचा मोह होतोच. अमेरिकेतील विद्यापीठांच्या कृषी विस्तार सल्ल्यात अशा वेळी 10 ते 25 टक्क्यांपर्यंत पातळ केलेले अल्कोहोल सांगितले जाते. 70 टक्के स्पिरिटच्या एका भागात तीन भाग पाणी घातले की साडेसतरा टक्क्यांचे मिश्रण होते. त्यात द्रव साबणाचे दोन थेंब घातले तर ते किडीवर अधिक नीट पसरते. हे मिश्रण आधी एकाच पानावर लावून दोन दिवस थांबायचे, हा नियम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कीड व्यवस्थापनाच्या मार्गदर्शनातही आहे आणि चाळीतल्या माळ्याच्या अनुभवातही. जास्वंदीचे जून पान हे मिश्रण सहसा सोसते. मनी प्लांट, रबर प्लांट, क्रोटन यांची जाड, गुळगुळीत पानेही सोसतात. नेचे सोसत नाहीत. आफ्रिकन व्हायोलेट आणि पानओवा यांच्या लवदार पानांवर द्रव केसांत अडकून राहतो आणि डाग पडतात. ज्या मांसल झाडांच्या पानांवर निळसर-पांढरी पावडर असते, त्यांची ती पावडर बोळ्याबरोबर निघून येते आणि त्या पानावर पुन्हा तशी येत नाही. झाड मरत नाही, पण ज्या रूपासाठी ते आणले ते रूप जाते. तुळशीच्या पानात सुगंधी तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी पृष्ठभागावरच असतात आणि ते तेल अल्कोहोलमध्ये विरघळते. शिवाय ते पान तोंडात जाते. तुळशीवर कीड दिसली तर शेंडे खुडावेत आणि पाण्याची धार मारावी, स्पिरिट नको. जे पान देवाच्या तीर्थात पडते त्याला हे लावण्याची माळ्याची मुळातच तयारी नसते, आणि ते योग्यच आहे.

पुसण्याआधी एक गोष्ट नीट पाहावी लागते, आणि तिच्यावर या कामाचा बराच भार आहे. क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझायरी हा तपकिरी डोक्याचा, काळ्या पाठीचा लहानसा ढालकिडा पिठ्या ढेकणाचा कट्टर वैरी. मूळ ऑस्ट्रेलियाचा, कॉफीवरच्या खवले किडीसाठी 1898 मध्ये तो भारतात आणला गेला. महाराष्ट्रात द्राक्षबागांतील पिठ्या ढेकणासाठी तो मित्रकीटक म्हणून सोडतात. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली असते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. ती ज्या झाडावर काम करत असते तिथे सर्वांत मोठा, सर्वांत ठसठशीत पांढरा किडा तीच असते, आणि म्हणून बोळा पहिल्यांदा तिच्याकडेच जातो. ओळख अशी: पिठ्या ढेकणाची मादी साधारण तीन मिलिमीटरची, बैठी, अळी एक सेंटिमीटरच्याही पुढे वाढते, तिच्या झिपऱ्या लांब असतात आणि डिवचल्यावर ती चपळाईने चालू लागते. अशी अळी दिसली तर ती फांदी सोडून द्यावी. शेंडे गोळा झालेल्या झाडात, जिथे बोळा पोहोचत नाही तिथे ती पोहोचते.

मोठ्या क्षेत्रावर हा मार्गच खरा, याचा दाखला पपईने दिला. पॅराकोकस मार्जिनेटस हा परदेशी पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला आढळला आणि पाहता पाहता महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या पपईच्या बागांत पसरला. 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून असेरोफेगस पपाये ही चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडल्यावर तो आटोक्यात आला. एकरभर पपई बोळ्याने पुसता येत नाही.

आता बाटलीबद्दल. 2020 च्या मार्चमध्ये साने गुरुजी मार्गावरचे कस्तुरबा रुग्णालय मुंबईतल्या पहिल्या करोना रुग्णांसाठीचे मुख्य ठिकाण होते, आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तीत घराघरांत सॅनिटायझरच्या बाटल्या जमा झाल्या. टाळेबंदीत अनेकांनी कुंड्या लावल्या. साथ ओसरल्यावर उरलेले सॅनिटायझर झाडाच्या किडीवर वापरण्याचा विचार साहजिक होता. पण सॅनिटायझर म्हणजे नुसते स्पिरिट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात 80 टक्के इथेनॉल किंवा 75 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलबरोबर 1.45 टक्के ग्लिसरॉल आणि 0.125 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. हात कोरडे पडू नयेत म्हणून घातलेले ग्लिसरॉल उडून जात नाही. पानावर ते ओलसर चिकट थर धरून ठेवते आणि त्यावर मुंबईची धूळ बसते. जेलमध्ये घट्टपणा आणणारा पदार्थ आणि सुगंधही असतो. त्याने रंध्रे बुजतात. ते हातासाठी केले आहे, हातालाच लावावे.

पॉलिशवाल्याचे स्पिरिट ही दुसरी चूक. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख, आणि लाख तयार करणारा केरिया लॅका हा किडा पिठ्या ढेकणाच्याच मोठ्या कुळातला, खवले किडींपैकी आहे. आपल्या अंगावर तो राळेचे कवच चढवतो. माणसाने ते खरवडून घेतले आणि स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटे, देव्हारे, हार्मोनियम चमकवले. जास्वंदीवर पिठ्या ढेकणाचे आवरण ज्या गुणामुळे भेदले जाते तोच हा गुण. तरीही पॉलिशसाठीच्या स्पिरिटमध्ये ते कोणी पिऊ नये म्हणून मिथेनॉलसारखी द्रव्ये आणि रंग मिसळलेला असतो; त्याचा वास, वाफ आणि हाताला लागणे हे सगळेच घातक. झाडासाठी औषधांच्या दुकानातले स्पिरिट घ्यावे, तेही लहान बाटलीत.

आगीची भीती खरी आहे. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ 12 अंश सेल्सिअसलाच पेटण्याजोगी होते, 70 टक्क्यांचा पेटण्याचा बिंदूही मुंबईच्या बाराही महिन्यांच्या दुपारच्या तापमानाच्या खाली राहतो. वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत सरकते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत देव्हाऱ्यातले निरांजन, गॅसची शेगडी आणि गॅलरीतली कुंडी यांच्यात चारपाच पावलांचे अंतर असते, आणि जुन्या चाळींच्या गॅलऱ्या, जिने, तुळया लाकडी आहेत. फवारणीचा बारीक तुषार बोळ्याहून कितीतरी धोक्याचा. सांजवात झाल्यावर हे काम करू नये, कुणी विडी ओढत असेल तर थांबावे, आणि वापरलेले बोळे केराच्या डब्यात तसेच न टाकता उघड्यावर वाळवून किंवा पाण्यात भिजवून टाकावेत.

झाडाच्या बाबतीत स्पिरिटचा जो उपयोग जवळजवळ निर्धोक आहे, तो मात्र कमी लोक करतात: कात्री पुसणे. सिकेटर एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर जाताना आधीच्या झाडाची बुरशी आणि जिवाणू सोबत नेतो. पाते आधी फडक्याने पुसून, मग 70 टक्के स्पिरिटने ओले करून वाळू दिले की यातले बहुतेक मरतात. ब्लीचही हे काम करते, पण पाते गंजवते. तंबाखूच्या मोझॅकसारख्या चिवट विषाणूंवर आणि जिवाणूंच्या बीजाणूंवर मात्र अल्कोहोल भरवशाचे नाही. टोमॅटो, मिरचीची पाने चट्टेपट्टे पडून आकसलेली असतील तर त्या झाडाला कात्री न लावता ते उपटून टाकलेले बरे.

किती तीव्र यापेक्षा किती वेळ, हे ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत स्पष्ट दिसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हास यांनी बांबूला काचपात्रात फुले आणली आणि 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये ते काम प्रसिद्ध झाले, जळगावकडच्या केळीच्या बागा आज ऊतिसंवर्धित रोपांवर उभ्या आहेत. अशा प्रयोगशाळांतला कोवळा तुकडा निर्जंतुक करताना 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवतात तो सहसा अर्धा मिनिट ते एक मिनिट. त्याहून अधिक ठेवले तर जंतूंबरोबर तुकडाही जातो. म्हणून पुढचे निर्जंतुकीकरण सोडियम हायपोक्लोराइटसारख्या दुसऱ्या द्रव्यावर सोपवतात.

मातीत ओतलेल्या अल्कोहोलची गोष्ट वेगळी. कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम मिलर यांनी 2006 मध्ये दाखवले, की खडे आणि पाणी यांत वाढवलेल्या नर्गिसाच्या कंदांना 4 ते 6 टक्के अल्कोहोलचे पाणी दिले तर दांडे सुमारे एक तृतीयांशाने आखूड राहतात आणि फुले तशीच येतात. अल्कोहोलमुळे मुळांना पाणी घेणे थोडे अवघड होते, झाड उंची आवरते आणि आडवे पडत नाही. याच कामात औषधांच्या दुकानातले स्पिरिटही पातळ करून चालले; दहा टक्क्यांपुढे मात्र झाडाला इजा होते. जपानच्या रिकेन संस्थेत मोतोआकी सेकी यांच्या गटाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात गहू आणि भाताच्या रोपांना तीन दिवस सौम्य इथेनॉल दिले, मग दोन आठवडे पाणी तोडले. नंतर पाणी दिल्यावर त्यातली सुमारे 75 टक्के रोपे जगली. नुसत्या पाण्यावरची पाच टक्केही नाही. रोपांनी रंध्रे मिटून घेतली होती आणि इथेनॉलमधला कार्बन साखरेसाठी वापरला होता. हे काम मोजलेल्या मात्रेचे आणि नियंत्रित खोलीतले आहे. कुंडीत अंदाजाने स्पिरिट ओतण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये.

झाड स्वतःही अल्कोहोल करते, ही गोष्ट पावसाळ्यात कुंड्या सांभाळणाऱ्याच्या उपयोगाची आहे. जून ते सप्टेंबर मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुंडीचे भोक मातीने बुजलेले असले, खाली थाळी भरलेली असली की मुळांना हवा मिळत नाही. हवेविना साखरेतून ऊर्जा काढताना मुळे इथेनॉल तयार करतात. भाताचे बी पाण्याखाली उगवते ते याच मार्गाने. जास्वंदीला मात्र असे फार दिवस काढता येत नाहीत. मुळे काळवंडतात, माती आंबट वासाची होते, वर पाने पिवळी पडतात आणि घरची माणसे आणखी पाणी घालतात. हवेविना गुदमरलेल्या झाडांतून बाहेर पडणाऱ्या इथेनॉलच्या वासावर खोड पोखरणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या जाती येतात. त्यांना पकडण्याच्या सापळ्यांत इथेनॉलच ठेवतात. अशा कुंडीचे भोक मोकळे करणे हा उपाय, आणि थाळी काढून घेणे.

पावसाळ्यातली दमट हवा किडीविरुद्धच्या आणखी एका उपायाला पोषक असते. व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी बुरशी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. तिची पावडर पाण्यात कालवून फवारतात. तिच्या आगेमागे स्पिरिट लावले तर ती बुरशीही मरते, म्हणून दोन्हींत काही दिवसांचे अंतर हवे.

कधीकधी बोळा खाली ठेवण्याची वेळ येते. शेंडे पूर्ण गोळा झाले असतील तर पुसत बसण्यापेक्षा ते कापून पिशवीत बंद करून टाकावेत. जून-जुलैत छाटलेली जास्वंद नव्या फुटव्यावरच कळ्या धरते. मुळांवरही पिठ्या ढेकणाच्या काही जाती राहतात. वर काही दिसत नाही, झाड मात्र खंगत जाते, आणि कुंडी पालथी केली की मातीच्या गड्ड्याभोवती पांढरी भुकटी दिसते. इथे स्पिरिट मुळांना लावत नाहीत, कारण मुळांच्या कोवळ्या टोकांवर पानासारखे मेणाचे संरक्षण नसते. गड्डा धुवावा, जुनी माती टाकून द्यावी, कुजकी मुळे कापावीत, रिकामी कुंडी आतून स्पिरिटने पुसून उन्हात वाळवावी आणि नव्या मातीत झाड लावून महिनाभर बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवावे.